पिवळ्या वाळूची रांगोळी

आमच्या बागेच्या फाटकावर सध्या एक कागद लावलेला आहे. ए-फोर आकाराचा, लॅमिनेट केलेला, चारही कोपऱ्यांना स्क्रू. त्यावर लिहिलंय की पालेभाज्या लावू नयेत, कंदमुळं सोलून खावीत, बागकाम झाल्यावर हात धुवावेत आणि लहान मुलांना उघड्या मातीत खेळू देऊ नये. खाली नगरपालिकेचा शिक्का आणि एक वाक्य, 'ही सूचना केवळ खबरदारी म्हणून देण्यात येत आहे.' केवळ! मी रोज त्या फाटकातून जाते आणि रोज त्या 'केवळ'पाशी माझं डोकं फिरतं. कागदापासून चाळीस पावलांवर कारखान्याचं कुंपण आहे. कुंपणापलीकडची माती दीड मीटर खोल खणून, ताडपत्री घातलेल्या ट्रकांतून लांब नेली आणि तिथे नवी, स्वच्छ माती भरली. अलीकडे आम्ही आहोत. आम्हाला कागद मिळाला.

हे मी शांतपणे लिहू शकत नाही, कारण पलीकडची माती तपासणारी मीच होते आणि अलीकडे मेथी लावणारीही मीच.

पुण्यात भूगर्भशास्त्र शिकून पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीत आले आणि इथलीच झाले. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरून काम करतो. ओळखीतले बहुतेक मराठी लोक बर्लिन नाहीतर म्युनिकच्या आसपास राहतात. आम्ही राहतो पूर्वेकडच्या एका छोट्या गावात, जिथून लोक फक्त जातात. स्टेशनला दोन फलाट, त्यातला एकच वापरात. दोन शाळांची एक शाळा झाली, पोहण्याचा तलाव बंद पडला, मुख्य रस्त्यावरच्या दुकानांच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. माझं ऑफिस इथे, म्हणून आम्ही इथे. बर्लिनहून आलेले मित्र आमचं भलंमोठं घर बघून हेवा करतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात.

माझं काम जुन्या कारखान्यांच्या जमिनी तपासण्याचं. पोकळ लोखंडी सळई मशिनने जमिनीत ठोकायची, ती उपसून काढली की आत मातीचा लांब दांडा मिळतो, थरावर थर. कुठला थर काळा, कुठला तेलकट, कशाला कसला वास, ते लिहायचं, नमुने बाटल्यांत भरायचे, प्रयोगशाळेला पाठवायचे. जमीन किती खराब आहे आणि ती साफ कशी करता येईल, याचा रिपोर्ट लिहायचा. मला हे काम आवडतं. जमीन खोटं बोलत नाही, असं मी वर्षानुवर्षं लोकांना ऐटीत सांगत आले. जमिनीला प्रश्न कुठे विचारायचा हे माणूस ठरवतो, ही गोष्ट सांगायची मात्र राहून जायची.

आमच्या गावात इनॅमलच्या भांड्यांचा कारखाना होता. पांढरी भांडी, निळी कड. आपल्याकडे जुन्या दवाखान्यांत असायचे तसले ट्रे, मग, पातेली. आणि लाल-पिवळी, फुलाफुलांची सुद्धा, ती परदेशी जायची. अर्धं गाव तिथे कामाला होतं. बर्लिनची भिंत पडली, देश बदलला, कारखाना दोन-तीन वर्षांत बसला. मग तीसेक वर्षं तिथे फक्त बर्चची झाडं वाढली. अखेर कुणा गुंतवणूकदाराला तिथे मालाचं मोठं गोदाम बांधायचं होतं, राज्य सरकारने जमीन साफ करायला निधी दिला आणि तपासणीचं काम आमच्या ऑफिसला मिळालं. गावात मोठा आनंदीआनंद. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी इथे काहीतरी घेऊन येत होतं.

त्याच वसंतात मला बाग मिळाली. श्रेबरगार्टन म्हणजे ओळीने आखलेल्या छोट्या भाड्याच्या बागा, प्रत्येकीत एक लाकडी खोपटं. बर्लिनमध्ये अशा बागेसाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत थांबतात. आमच्याकडे निम्म्या बागा ओस होत्या. संघटनेच्या अध्यक्षांनी किल्ल्यांचा जुडगाच पुढे केला आणि म्हणाले, "निवड." मी कारखान्याच्या कुंपणाला लागून असलेली घेतली. म्हटलं, सोयीचं आहे. साइटवरून निघायचं की थेट बागेत.

आणि खरंच तसंच चालायचं. साइटवरून बाहेर पडताना नियमानुसार बूट ब्रशने घासून धुवायचे, हातमोजे पिशवीत टाकायचे, पिशवीला लेबल लावायचं, कारण इथल्या मातीचा कण बाहेर जाता कामा नये. मग पायात चपला अडकवून मी कुंपणाला वळसा घालून बागेत यायचे आणि उघड्या हातांनी मेथी उपटायचे. मेथी, पालक, चुका, एका कोपऱ्यात अंबाडीचा फसलेला प्रयोग. घरी मेथीची पातळ भाजी, मेथीचे ठेपले, पालकाची ताकातली भाजी. कुंपणाच्या दोन्ही बाजूंची माती एकच आहे हे कळायला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. माझ्याकडे तर दोन होत्या.

शेजारची बाग ओमांची. ओमा म्हणजे जर्मनमध्ये आजी, माझी लेक त्यांना तशी हाक मारायला लागली म्हणून मीही. वय ऐंशीच्या पुढे, कमरेत वाकलेल्या, तीनचाकी सायकलवरून यायच्या. इथे बागांमध्ये सगळे एकमेकांना 'डू' म्हणजे अरेतुरे करतात, तो दंडकच आहे, तसं मीही त्यांना करायचे, पण मनातल्या मनात, मराठीत, त्या कायम 'तुम्ही'च होत्या. त्यांनी कारखान्यात तीस वर्षं काढली होती, रंगखान्यात. भांड्यांवर चढवायच्या इनॅमलचे रंग तिथे काचेसारखे वितळवून, दळून, तोलून तयार व्हायचे. मला हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तरी मी त्यांना कामाचं एक अक्षर विचारलं नाही.

ही माझी पहिली चूक, आणि ती सांगितल्याशिवाय दुसऱ्यांवर चिडायचा मला हक्क नाही. जमीन तपासण्याआधी तिचा इतिहास लिहावा लागतो. जुने नकाशे, परवाने, फायली, आणि शक्य तर तिथे काम केलेल्या माणसांशी बोलणं. आमच्या रिपोर्टमध्ये त्या रकान्यात लिहिलंय, 'माजी तांत्रिक व्यवस्थापकांशी दूरध्वनीवरून चर्चा.' वीस मिनिटं. तीस वर्षं रंग तोलणारी बाई रोज संध्याकाळी माझ्यापासून हाकेच्या अंतरावर मुळे उपटत होती आणि मला ती 'माहितीचा स्रोत' वाटली नाही. ती शेजारीण वाटली. बायकांच्या कामाची नोंद कुणी ठेवत नाही म्हणून मी दहा व्यासपीठांवर तावातावाने बोललेली आहे.

बाग घेतल्यावर आठवड्याभरात ओमा एक बादली घेऊन आल्या. नव्या शेजाऱ्याचं स्वागत. बादलीत पिवळेधमक दाणे, साखरेएवढे, काही पिठासारखे बारीक, उन्हात नुसते चमकत होते. कारखान्यात भट्टीतून बिघडून निघालेला रंग टाकून द्यायचे, त्यातला चांगला दिसणारा कामगार घरी न्यायचे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी तर रंगखान्याच्या दारात ढीगच करून ठेवलेला असायचा, प्रत्येकाने आपापली बादली भरायची. वाफ्यांच्या कडेला, पायवाटेवर, गुलाबांच्या बुंध्याशी तो पसरायची इथली रीत. मग नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं, सगळ्या बागांमध्ये मातीत पिवळ्या-लाल रेघा होत्या. जुन्या, निम्म्या बुजलेल्या. ओमांकडे खोपटात साठा होता आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला त्या एक बादली द्यायच्या.

"ही पिवळी वाळू," त्या म्हणाल्या. "आता कुठे मिळायची नाही."

मी त्या वाळूने वाफ्यांना कडा केल्या. आणि दिवाळीत तिची रांगोळी काढली.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. दिवाळी, बाहेर चार अंश तापमान, भारतातून मागवलेलं पार्सल कस्टममध्ये अडकलेलं आणि घरात पिवळ्याधमक बारीक दाण्यांचा डबा. कुणीही हेच केलं असतं. आदल्या वर्षी जिन्यात रांगोळी काढली म्हणून खालच्या मजल्यावरून तक्रार आली होती, म्हणून या वेळी दाराच्या आत, फरशीवर. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची. चिमटीतून रेघ कशी सोडायची ते मी तिला शिकवलं. तिने कमळ भरलं, बोटं पिवळी झाली, आणि मधूनमधून ती चकली खात होती. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. "अगं, पिवळा काय सुंदर आलाय! कुठून आणलास?" शेजारच्या आजींनी दिला म्हटल्यावर म्हणाल्या, "मग त्यांना फराळाचं दे हो, विसरू नकोस." मी विसरले नाही. ओमांना चिवडा आवडला.

जानेवारीत साइटवर आम्ही रंगखान्याच्या मागे सळया ठोकत होतो. तिथे एक बुजवलेला खड्डा लागला. सळई वर आली, सहकाऱ्याने ती फळीवर आडवी केली, वरचा कचरा खरवडला आणि शीळ घातली. दीड हात लांबीचा थर, पिवळाधमक. प्रयोगशाळेचा निकाल यायला दोन आठवडे लागणार होते, पण मला त्याची गरज नव्हती. लाल-पिवळ्या इनॅमलमध्ये कॅडमियम आणि शिसं असतं, हे आमच्याच रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर मीच लिहिलं होतं. मी तिथे हातमोजे, मुखपट्टी, पांढरा अंगरखा घालून उभी होते, आणि डोळ्यांसमोर फरशीवरचं कमळ आणि त्याच्या शेजारी चकलीची ताटली. मी शेजारच्या बर्चला टेकले.

दुसऱ्या दिवशी लेकीला डॉक्टरकडे नेलं. तिचं रक्त काढताना ती मला जर्मनमध्ये विचारत होती की मी का रडतेय. शिसं थोडं जास्त निघालं. "घाबरण्यासारखं नाही, लक्ष ठेवू," डॉक्टर म्हणाल्या. शिशाचं तसं म्हणता येतं. कॅडमियम मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि निघायला दशकं घेतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही, त्यामुळे आम्ही दोघी त्यावर फार बोललो नाही. त्याच आठवड्यात मी माझ्या वाफ्यांतली माती नेमाप्रमाणे, पंधरा-वीस ठिकाणांहून थोडीथोडी काढून, मिसळून, माझ्या नावाने प्रयोगशाळेला पाठवली. भाजीला शोषून घेता येईल असं कॅडमियम किती, याची वेगळी चाचणी असते, तीही करायला सांगितली. उत्तर आलं. भाजी लावायच्या जमिनीत चालतं त्यापेक्षा कितीतरी जास्त.

मी तो कागद बॉससमोर ठेवला. आमचे बॉस वाईट नाहीत, वाढदिवसाला केक स्वतः भाजून आणतात. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आल्झो," म्हणाले, म्हणजे 'तर मग', "हे कुंपणाबाहेरचं आहे."

"माहीत आहे."

"आपला आउफट्राग, आपलं कंत्राट, कुंपणापर्यंत आहे. निधी त्या जमिनीच्या तुकड्यासाठी आहे. शिवाय हे काचेत बांधलेलं असतं, सहज सुटत नाही."

"तीस-चाळीस वर्षं पानांच्या खतात कुजल्यावर सुटतं. खाली आकडा आहे."

आकडा त्यांनी पाहिला होता. "पालिकेशी बोलून बघ," ते म्हणाले, "पण ऑफिसच्या नावाने नको."

पालिकेत बांधकाम खात्याचे साहेब भेटले. त्यांनी मला कॉफी दिली आणि अतिशय सभ्यपणे जे सांगितलं, त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते म्हणाले, बागा तपासायला 'ठोस संशय' लागतो. मी म्हटलं, हा घ्या, लेखी आहे. ते म्हणाले, हा एका खाजगी व्यक्तीने काढलेला एक नमुना आहे. आणि मग, आवाज खाली आणून, जणू मला विश्वासात घेतायत, म्हणाले, "बघितलं तर काहीतरी करावं लागेल. करायला आमच्याकडे काही नाही. आणि गोदामवाले आत्ता बिथरले तर हे गाव संपलं." म्हणजे गाव वाचवायचं, आणि गावात राहणाऱ्यांनी पालक खात राहायचा. मी कॉफी तशीच ठेवून उठले.

ओमांना सांगणं सगळ्यात अवघड होतं. फेब्रुवारीत एक कोरडा, उन्हाचा दिवस आला, त्या गुलाब छाटत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. वाळूत काय आहे ते, लेकीच्या रक्तात काय निघालं ते, माझ्या वाफ्यांतलं. रांगोळीचंही. त्यांनी कात्री मिटली, खिशात घातली आणि बाकावर बसल्या.

मग म्हणाल्या, "आम्हाला रोज दूध मिळायचं. रंगखान्यातल्यांनाच, एक लिटर. बाकी कुणाला नाही."

त्यांनी गुडघ्यावरची माती झटकली.

"मला वाटायचं, आमचं काम जड म्हणून. मी ते कधी प्यायले नाही. मुलांसाठी घरी न्यायचे."

दुधाने शिसं उतरतं अशी तेव्हा समजूत होती. उतरत नाही. पण दूध देणाऱ्याला कळलेलं होतं की कशावर तरी उतारा हवा आहे. ज्याला हे कळत होतं, त्यानेच वर्षाच्या शेवटी त्या दारात ढीग करून ठेवला आणि म्हणाला, घेऊन जा, बागेला छान दिसतं. टाकायचा खर्च वाचला. मी आजवर किती कारखान्यांचे किती घोळ पाहिले असतील, पण इतका संताप मला कधी आला नव्हता. ज्याच्यावर ओरडायचं तो कारखानाच उरला नव्हता, म्हणून मी ओमांच्या पाणी घालायच्या झारीला लाथ मारली. ती कुंपणापर्यंत गेली.

"तिने काय केलं?" ओमा म्हणाल्या आणि हळूच उठून ती उचलून आणायला गेल्या.

मार्चमध्ये पालिकेच्या सभागृहात गावकऱ्यांची सभा झाली. गोदामाचा आराखडा, साफसफाईचं वेळापत्रक. मंचावर बांधकाम खात्याचे साहेब, गुंतवणूकदाराचा माणूस, बॉस, आणि पडद्यावर नकाशे दाखवायला मी. माझे नकाशे सुरेख होते. लाल, नारिंगी, पिवळे पट्टे, आणि ते सगळे कुंपणाच्या रेषेवर सुरीने कापल्यासारखे थांबत होते. बागांच्या बाजूला पांढरं. कुणीतरी विचारलं, बागांचं काय? साहेब म्हणाले, "कुंपणाबाहेर संशयाला जागा नाही." मी त्यांच्यापासून तीन खुर्च्या सोडून बसले होते. आणि मी मूग गिळून बसले. खरंच बसले. मला व्हिसा, घर, बॉसचा केक, सगळं आठवलं.

ओमा तिसऱ्या रांगेत होत्या. त्या उठल्या, हळूहळू पुढे आल्या आणि साहेबांच्या समोर टेबलावर एक बरणी ठेवली. मुरंब्याची, चौकटीच्या कापडाचं झाकण. आत पिवळी वाळू.

"हे विष आहे का?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी बरणीला हात लावला नाही. म्हणाले, "हा नमुना कुठला, कसा घेतला, माहीत नाही. असं सांगता येणार नाही."

ओमा माझ्याकडे वळल्या. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी मला परक्या माणसाला म्हणतात तसं 'तुम्ही' म्हटलं. "तुम्ही सांगा. तुम्ही तज्ज्ञ आहात ना? की तुम्ही इथे फक्त चित्रं दाखवायला आलात?"

मी उठले. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि माइक न घेता बोलले. मी म्हटलं, मी आता बागेची भाडेकरू म्हणून बोलते आहे, शेवटच्या ओळीतली, कुंपणाला लागून. माझ्या बागेत हे आहे. मी ते मुलीच्या हातात दिलं. आकडा सांगितला. तुमच्याही बागांत हे आहे, मी म्हणाले, कारण कारखान्याने ते तुम्हाला वाटलं. जर्मनच्या सगळ्या विभक्ती चुकत होत्या, पण कुणी हसलं नाही.

टाळ्या पडल्या असं कुणाला वाटत असेल, तर नाही. लोक माझ्यावर चिडले. चाळीस वर्षं खातोय, काय झालंय आम्हाला? आता बागाही घालवणार का? ही बाहेरून येते आणि सगळं बंद पाडते. एक गृहस्थ तर उठून माझ्या तोंडासमोर बोट नाचवून गेले. त्यांचा राग मला अजूनही कळतो. या गावातून एकेक करत सगळं काढून घेतलं गेलं होतं. उरल्या होत्या बागा, आणि त्यांच्याबद्दलची वाईट बातमी घेऊन मी उभी होते.

पण सभेच्या इतिवृत्तात ते आलं. जर्मनीत एकदा इतिवृत्तात आलं की त्याच्याकडे डोळेझाक करणं कठीण. उन्हाळ्यात जिल्ह्याच्या पर्यावरण खात्याची माणसं येऊन सगळ्या बागांचे नमुने घेऊन गेली. निकाल तोच आला. मी वेड्यासारखी वाट पाहत होते की आता पलीकडे नवी माती घेऊन जाणारे ट्रक चाळीस पावलं अलीकडे वळतील. अर्धा मीटर माती बदलली तरी भागलं असतं. ऑक्टोबरमध्ये फाटकाला चार स्क्रू लागले.

मला नोकरीवरून काढलं नाही. या भागात माणसं मिळत नाहीत, एवढंच कारण. बैठकांना नेणं बंद झालं, सळया ठोकायला मी चालत होते.

कागद लागल्यानंतरच्या सोमवारी बागेत गेले तर ओमा माझ्या वाफ्याशी गुडघे टेकून बसल्या होत्या. हातात सुपली आणि छोटा ब्रश. त्या कडेची पिवळी वाळू गोळा करून बादलीत भरत होत्या. "मी दिली," त्या म्हणाल्या, "मीच परत घेते." त्यांनी यादी केली होती, कुठल्या बागेत कुणाला किती बादल्या दिल्या त्याची. काही जण मरून गेले होते, काही बागा ओस होत्या, तिथेही त्या जाणार होत्या.

मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, धूळ उडतेय, नाकात जातेय, तुम्हाला कळत नाही का! आणि मग गाडीतून हातमोजे, मुखपट्ट्या आणि पाण्याची फवारणी घेऊन आले, वाळू ओली केली आणि त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. दोन आठवडे आम्ही तेवढंच केलं. तिसऱ्या दिवशी अध्यक्ष फावडं घेऊन आले. पाचव्या दिवशी बोट नाचवणारे गृहस्थ आले, त्यांनी आपल्या पायवाटेवरची वाळू भरायला घेतली. मातीत जे मुरलंय ते मुरलंच आहे, ते सुपलीने निघत नाही, हे मी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. त्यासाठी मी अर्ज करतेच आहे. पर्यावरण खात्याकडे माझी आता जाड फाइल आहे, आणि तिथल्या बाई माझा नंबर दिसला की सुस्कारा टाकतात. टाकू देत.

पण भरलेल्या बादल्यांचं काय करायचं? कचऱ्यात चालणार नाहीत, पालिका घेणार नाही. ओमांनी ते आधीच ठरवलं होतं.

एका सकाळी साइटच्या मॅनेजरचा मला फोन आला. फाटकाच्या आत, आमच्या हद्दीत कुणीतरी बेकायदेशीर माल टाकलाय, ताबडतोब ये. मी गेले. झाकण लावलेल्या बादल्या एका सरळ ओळीत, कुंपणाच्या आत बरोब्बर एक पाऊल. मॅनेजर लाल झाला होता. नियमाप्रमाणे मजूर मागे हटवले, भोवती लाल-पांढरी पट्टी ओढली. मी अंगरखा घातला, मुखपट्टी लावली, नमुना काढला, बाटलीला लेबल लावलं. पुढच्या गाडीबरोबर हे सगळं विषारी कचऱ्याच्या डेपोत जाणार होतं, काटेकोर, कागदोपत्री, यातला एक दाणाही रस्त्यात सांडू न देता.

"कुणी टाकलं, काही कल्पना?" मॅनेजरने विचारलं.

फॉर्ममध्ये 'उगम' असा रकाना असतो. मी त्यात लिहिलं, 'कारखाना, रंगखाना.' तो दाखवला. त्याने वाचला, कुंपणाकडे पाहिलं, आणि सही केली.

ओमा कुंपणापलीकडे तीनचाकी सायकल धरून उभ्या होत्या. पट्टी, अंगरखे, बाटल्या, सगळं त्या नीट बघत होत्या. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी जाळीतून विचारलं, "आता हे विष आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "आता आहे."